सासूबाईंची मल्याळम आधी, की बुदापेश्तची हंगेरियन?

पत्राचा सारांश: ठाण्याच्या एका तेहतीस वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. नवरा मल्याळी, पण लहानाचा मोठा डोंबिवलीत झालेला. सासूबाई त्रिशूरजवळच्या गावी राहतात, हिंदी त्यांना जेमतेम कळतं. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून ही मैत्रीण वर्षभर मोबाइलवर धडे ऐकत मल्याळम शिकते आहे, पण बोलताना अजून अडकते. आता नवऱ्याला बुदापेश्तमध्ये नोकरी लागली आहे आणि चार महिन्यांत अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडे जायचं आहे. नवरा म्हणतो, मल्याळम राहू दे, हंगेरियनच्या मागे लाग. हंगेरियन फार अवघड असते, ही भीतीही तिच्या मनात आहे. दिरांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लेख टाकला आहे: हंगेरियन आणि द्राविडी भाषा मूळच्या बहिणी, दोन्हींत शब्दाला प्रत्ययांची रांग लागते, म्हणून एक आली की दुसरी अर्धी फुकट. सासूबाई फोनवर इतकंच म्हणाल्या, "म्हणजे आता आमची भाषा राहिलीच." मैत्रीण विचारते: हे बहिणीचं नातं खरं आहे का? आधी कोणती भाषा शिकू? आणि मराठी, मल्याळम, इंग्रजी, हंगेरियन अशा चार भाषांत मुलगी गोंधळणार नाही का?

प्रिय मैत्रीण,

पत्र वाचताना एक गोष्ट खटकली, ती आधीच सांगते. तुमच्या घरात मल्याळम बोलता येणारा माणूस एकच आहे, तुमचा नवरा. तरी ती शिकायचं ओझं तुमच्यावर, ती सोडायची की नाही हा घोरही तुम्हालाच, आणि हंगेरियनही तुम्हीच शिकायची. त्यांच्या ऑफिसात इंग्रजीवर भागणार, म्हणजे ते दोन्हीकडून मोकळे! याकडे पुढे येऊच. आधी दिरांच्या लेखाचा निकाल लावू, कारण तुमचं बरंच गणित त्यावर बेतलेलं दिसतं.

तो लेख अगदीच हवेतला नाही. रॉबर्ट काल्डवेल या मिशनरी पंडितानं १८५६ मध्ये द्राविडी भाषांचं तौलनिक व्याकरण लिहिलं. द्राविडी कुटुंब संस्कृतहून वेगळं आहे हे त्यानं पुराव्यानिशी मांडलं, आणि पुढे जाऊन या भाषांचे जवळचे नातलग फिनिश, हंगेरियन, तुर्की वगैरेंच्या गोतावळ्यात आहेत असंही सुचवलं. पहिली गोष्ट टिकली, दुसरी टिकली नाही. तिकडून हंगेरीतही हा शोध चालू होताच. बालिंत गाबोर या अभ्यासकानं भारतात येऊन तमिळ शिकली आणि हंगेरियनशी ताडून पाहिली. त्याच्याही आधी चोमा शांदोर आपल्या लोकांचं मूळ शोधत लडाखपर्यंत पोचला होता. मूळ काही सापडलं नाही, पण १८३४ साली कलकत्त्यात त्याचा तिबेटी–इंग्रजी कोश छापून झाला. १८४२ साली तो दार्जिलिंगला वारला. थडगं तिथंच आहे.

या शोधामागे थोडा दुखावलेला अभिमानही होता. हंगेरियनचे खरे सोयरे म्हणजे उत्तरेकडच्या सामी, फिनिश, एस्टोनियन आणि उरल पर्वतापलीकडच्या खांती, मान्सी या भाषा, हे १७७० पासून हळूहळू सिद्ध होत गेलं. घोडेस्वार योद्ध्यांचे वारस म्हणवणाऱ्या बऱ्याच हंगेरियनांना हे रुचलं नाही. मासे पकडणाऱ्या लोकांशी कसली सोयरीक, म्हणून या नात्याला 'माशाचा वास येणारी भाऊबंदकी' असं हिणवलं गेलं. तेव्हा पूर्वेकडे एखादा भारदस्त नातलग मिळतोय का, ही ओढ तिकडे जुनीच आहे. दिरांचा लेख त्याच माळेतला.

आता नातं ठरवतात कसं, ते पाहा. (हंगेरियन शब्द मी कानाला लागतात तसे देवनागरीत लिहिते आहे. त्यातला 'ऑ' ऑफिसमधला, 'ॅ' बॅटमधला.) हंगेरियनमध्ये मासा म्हणजे 'हॉल', फिनिशमध्ये 'कला'. तीन म्हणजे 'हारोम', तिकडे 'कोल्मे'. झाड 'फॉ', तिकडे 'पू'. डोकं 'फॅय', तिकडे 'पॅ'. मुलगा 'फिऊ', तिकडे 'पोइका'. शब्द ऐकायला सारखे नाहीत, पण फिनिशच्या 'क' समोर हंगेरियनचा 'ह' आणि 'प' समोर 'फ' असा हिशोब रोजच्या शब्दांत पुन्हा पुन्हा जुळतो. मल्याळमला हीच कसोटी कन्नडशी लावून बघा: दूध 'पाल' – 'हालु', दहा 'पत्तु' – 'हत्तु', वाघ 'पुलि' – 'हुलि'. सोलापूर-कोल्हापूरकडच्या कुणाला हे वेगळं सांगायला नको.

हंगेरियन आणि मल्याळम शेजारी ठेवल्या तर सुरुवातीला कुणीही हुरळेल. हात: 'केझ' आणि 'कै'. पाणी: 'वीझ' आणि 'वेळ्ळम्'. विस्तव: 'त्यूझ' आणि 'ती'. हे, ते: 'ॲझ, ऑझ' आणि 'इदु, अदु'. इथे, तिथे: 'इत्त, ओत्त' आणि 'इविडे, अविडे'. अशा पाच-सहा जोड्यांवर दिरांच्या लेखासारखे कितीतरी लेख उभे आहेत. आता पुढचे शब्द घ्या. डोळा: 'सॅम' आणि 'कण्णु'. दात: 'फोग' आणि 'पल्लु'. मासा: 'हॉल' आणि 'मीन'. रक्त: 'वेर' आणि 'चोर'. दोन: 'केत' आणि 'रण्डु'. झाड: 'फॉ' आणि 'मरम्'. सगळं कोसळलं. जे जुळले त्यांतही नियम नाही: एका ठिकाणी 'झ' गळला, दुसरीकडे त्याचा 'ळ्ळ' झाला. जवळच्यासाठी 'इ' आणि लांबच्यासाठी 'अ' किंवा 'ओ' ही जोडी तर एकमेकींशी काही संबंध नसलेल्या अनेक भाषांत सापडते.

एक जोडी मात्र मजेची आहे. हजारला हंगेरियनमध्ये 'ॲझॅर' म्हणतात, मल्याळममध्ये 'आयिरम्'. दिरांना दाखवाल तर खूश होतील. पण दोन्ही शब्द उसने आहेत. 'ॲझॅर' हा इराणी 'हजार'वरून आलेला, म्हणजे आपल्या हजारचाच भाऊ. 'आयिरम्' निघाला संस्कृत 'सहस्र'वरून, प्राकृतातून झिजत; कन्नड 'साविर'ही तिथूनच. आणि 'हजार' व 'सहस्र' ही तर एकाच घरची भावंडं. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकाच घरातून वस्तू उसनी नेली, एवढाच याचा अर्थ. शंभरला हंगेरियन 'साझ' म्हणतात, तोही आपल्या 'शत'च्याच गोतातला. नात्याचा धागा शोधायचाच असेल, तर तो तुमच्या मराठीशी जास्त लागतो!

प्रत्ययांच्या रांगेचं काय? ते खरं आहे. पण तशी रांग तुर्कीत आहे, जपानीत आहे, आफ्रिकेतल्या स्वाहिलीत आहे. घडण सारखी असणं वेगळं आणि रक्ताचं नातं वेगळं. खरा प्रश्न हा, की ही सारखी घडण शिकणाऱ्याच्या कामी येते का? थोडी येते. दोन्हींत इंग्रजीतल्या 'have'सारखं क्रियापद नाही. मल्याळममध्ये 'एनिक्कु वीडु उण्डु', हंगेरियनमध्ये 'नॅकॅम वॉन हाझॉम', दोन्हींचा अर्थ 'मला घर आहे'. आकड्यानंतर हंगेरियन नाम एकवचनातच ठेवते आणि मल्याळमही पुष्कळदा तसंच करते. पण या सोयी तुम्हाला मल्याळममुळे मिळतात असं नाही. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातलं पहिलं तरी आईच्या मांडीवरच शिकवलेलं असतं.

रोज तोंडात घोळवायच्या गोष्टींत मात्र दोघींचे रस्ते अगदी वेगळे आहेत. मल्याळम क्रियापद कुणापुढे वाकत नाही: 'ञान् वन्नु', 'अवन् वन्नु', 'अवळ् वन्नु', 'अवर् वन्नु'. मी, तो, ती, ते, सगळ्यांना एकच 'वन्नु'. आला-आली-आलं-आले करणाऱ्या आपल्याला ही चैनच. हंगेरियन क्रियापद कर्त्याप्रमाणे तर बदलतंच, शिवाय कर्म ठरावीक आहे की कुठलंही, यावरही बदलतं. 'मी एक घर बघते' म्हणजे 'लातोक एद्य हाझॉत', पण 'मी ते घर बघते' म्हणजे 'लातोम ऑ हाझॉत'. मल्याळममध्ये याच्या जवळपासचंही काही नाही.

मग स्वरांची जुळणी. घरात म्हणजे 'हाझबॉन', पण बागेत म्हणजे 'कॅर्तबॅन'. शब्दातल्या स्वराचा रंग बघून प्रत्यय आपला स्वर बदलतो. आणि जागेचे प्रत्यय बघाल तर आत, आतून, आतमध्ये जाताना. वर, वरून, वर जाताना. पाशी, पासून, पाशी जाताना, असे नऊ. मल्याळम 'वीट्टिल', 'वीट्टिल निन्नु', 'वीट्टिलेक्कु' एवढ्यावर बराच कारभार चालवते. वर हंगेरियनचा लहरीपणा असा की देशातल्या बहुतेक गावांत माणूस 'वर' राहतो आणि परदेशातल्या गावात 'आत'. म्हणजे तुम्ही 'बुदॉपॅश्तॅन' राहाल, पण मुंबईत राहणारं माणूस 'मुंबाइबॉन'. यालाही अपवाद आहेत: देब्रेत्सेन हंगेरीतलंच, तरी तिथे 'आत'. हे मल्याळम येऊन सुटत नाही. तिथल्या शेजारणीनं चार वेळा दुरुस्त केलं की सुटतं.

तेव्हा 'एक आली की दुसरी अर्धी फुकट' हे डोक्यातून काढून टाका.

त्याऐवजी तुमच्या पत्रात न आलेली गोष्ट बघू. तुम्ही मल्याळमला परकी धरता आणि हंगेरियनला तिची बहीण. पण मराठी आणि द्राविडी भाषा हजारो वर्षं एकमेकींच्या शेजारी राहिल्यात, आणि त्याच्या खुणा तुमच्या बोलण्यात पावलोपावली आहेत. 'मला भूक लागली' म्हणताना आपण भुकेला कर्ता करतो आणि स्वतःला 'ला' लावतो. मल्याळममध्ये 'एनिक्कु विशक्कुन्नु', म्हणजे तिथेही 'मला'च. हंगेरियन माणूस 'एहॅश वॉद्योक' म्हणतो, सरळ 'मी भुकेला आहे'. 'येणार म्हणून सांगितलं' हे वाक्य शब्दाशब्दानं मल्याळममध्ये जातं: 'वरुम् एन्नु परञ्ञु'. 'काल आलेला माणूस' तसाच: 'इन्नले वन्न आळ्'. समोरच्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही', हा भेद मराठीत आहे आणि मल्याळममध्येही, 'नम्मळ्' आणि 'ञङ्ङळ्'. हंगेरियनला तो ठाऊक नाही. निरोप घेताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. सासूबाईंकडे 'पोयिट्टु वराम्' म्हणतात, जाऊन येते. आपल्याकडे प्रत्ययाआधी नामाचं सामान्यरूप होतं, झाड – झाडात. तिकडे मरम् – मरत्तिल.

मग वर्षभर शिकूनही अडकायला का होतं? याचं कारण बहुधा धड्यांत आहे. मल्याळमचे दोन थर आहेत. वरच्या थरात संस्कृत शब्द भरपूर: पुस्तकम्, समयम्, आहारम्, विवाहम्, सन्तोषम्. मराठी वाचकाला वर्तमानपत्राचा मथळा अर्धामुर्धा लागतो तो यामुळे. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला थर मात्र पूर्ण द्राविडी: वा, पो, इरि, चोर (हा रक्तातला नव्हे, भाताचा, त्यातला 'र' जाड), उप्पु, पुळि, वेळ्ळम्. मोबाइलवरचे धडे पहिल्या थरात रमतात आणि तुम्हाला गरज दुसऱ्याची आहे. संस्कृत शब्दांवरही फार विसंबू नका. 'प्रसंगम्' म्हणजे भाषण, 'कल्याणम्' म्हणजे लग्न, आणि 'संसारम्' म्हणजे चक्क बोलणं. सासूबाई तुम्हाला 'संसारिक्कू' म्हणाल्या, तर त्या नुसतं 'बोल' म्हणताहेत.

आणखी एक, कानाचं. मराठीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, त्यामुळे आपण दोन्ही भाषांत एकाच जागी घसरतो. मल्याळममध्ये 'कोडि' ऱ्हस्व ओ ठेवून म्हटलं तर झेंडा, लांबवून म्हटलं तर कोटी. हंगेरियनमध्ये 'कॅरॅक' म्हणजे गोल, 'कॅरेक' म्हणजे चाक, आणि 'केरॅक' म्हणजे 'द्या ना', दुकानात रोज लागणारा शब्द. म्हणजे 'एद्य काव्हेत केरॅक', एक कॉफी द्या. स्वर तोलून म्हणायची सवय एका भाषेत लागली तर दुसरीत उपयोगी पडेल, हे मात्र मी मान्य करते. दिरांना एवढा गुण देऊन टाका.

हंगेरियन 'फार अवघड' हेही तुम्ही ऐकलेलं आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेनं ती सुमारे ११०० तासांच्या गटात टाकली आहे, तुमच्या पत्रातली भीती बहुधा तिथूनच आली असावी. पण तो हिशोब इंग्रजी मातृभाषा असणाऱ्या माणसाचा आहे आणि मुत्सद्द्याला लागेल इतक्या प्रावीण्याचा आहे. नामाला शेपूट लावणं तुम्हाला नवं नाही. 'टेबलाखाली' म्हणणाऱ्याला नामानंतर शब्द ठेवायची सवय असतेच. 'चहा' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे च तुमच्या तोंडात आहेत आणि हंगेरियनमध्ये दोन्ही वेगळी अक्षरं आहेत. आडनाव आधी, नाव नंतर: शाळेच्या हजेरीपटावर जसं लिहायचो तसंच तिकडे सगळीकडे. लेखन उच्चाराला धरून आहे. अक्षरांचे नियम एकदा कळले की न समजणारा मजकूरही तुम्ही बिनचूक वाचाल. तेवढ्याला दोन-तीन आठवडे पुरतात.

आता 'आधी कोणती'. या प्रश्नात दोन्ही भाषा एकाच रांगेत उभ्या आहेत असं गृहीत धरलंय. मला तसं दिसत नाही. हंगेरियन तुम्हाला कशासाठी हवी? बाळाच्या डॉक्टरसाठी, मंडईसाठी, इमारतीतल्या म्हाताऱ्या शेजारणीसाठी, आणि मुख्य म्हणजे बालवाडीसाठी. तिथे वयाची ३ वर्षं पूर्ण झाली की 'ओव्होदॉ'त, म्हणजे बालवाडीत, रोज किमान ४ तास जाणं सक्तीचं आहे. तुमच्या राहण्याच्या परवान्यावर तो नियम कसा लागू होतो ते जाण्याआधी विचारून घ्या. इंग्रजी बालवाड्याही आहेत, पण महाग. मल्याळम हवी आहे ती एका माणसासाठी. तिथे परीक्षा नाही, अर्ज नाही, लिहायचं नाही.

तुमच्यापुढचे रस्ते तीन. पहिला नवऱ्यानं सुचवलेला, मल्याळम बंद. यात वेळ वाचतो, पण वर्षभराचं मिळवलेलं सहा महिन्यांत पुसलं जातं आणि सासूबाईंचं वाक्य खरं ठरतं. दुसरा, जाईपर्यंत फक्त मल्याळम आणि हंगेरियन तिकडे गेल्यावर. ऐकायला हळवा वाटतो, पण नव्या शहरात पहिले दोन महिने दुकानाची पाटीही वाचता न येण्याचा खर्च तुमच्यावर पडेल, नवऱ्यावर नाही. तिसरा रस्ता मी धरीन: दोन्ही चालू, पण वेगळ्या मापानं. मल्याळम फक्त कानानं आणि फक्त स्वयंपाकघराची. हंगेरियन वहीपुस्तकानं, शिक्षकासमोर, वेळ लावून. एक कामाची भाषा, एक माणसाची. दोन्हींचा अभ्यास एकाच पद्धतीनं केला तरच त्या एकमेकींच्या पायात येतात.

या चार महिन्यांत हंगेरियनचे उच्चार, वाचन, शंभरपर्यंत आकडे, 'केरॅक'ची वाक्यं आणि पत्ता-फोन सांगता येणं इतकं पुरे. क्रियापदाच्या दोन रांगा आताच पाठ करत बसू नका. दिल्लीत हंगेरीचं सांस्कृतिक केंद्र आहे, तिथल्या वर्गांची चौकशी करा. पुढे जमलं तर देब्रेत्सेनची उन्हाळी शाळा बघा, परदेशी लोकांना हंगेरियन शिकवण्याचं काम ती १९२७ पासून करते आहे. मल्याळमची लिपी सध्या बाजूला ठेवा. केरळ सरकारचं मलयाळम मिशन बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम चालवतं, पहिल्या टप्प्याचं नाव 'कणिक्कोन्ना', बहाव्याच्या फुलावरून. ते मुलगी थोडी मोठी झाल्यावर तिच्याबरोबर तुम्हीही करा.

मुलीची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. अनेक भाषांमुळे मूल बोलायला मागे पडतं हा समज तज्ज्ञांनी केव्हाच बाजूला ठेवलाय. ती एका वाक्यात तीन भाषा कालवेल, ते गोंधळल्याचं नव्हे तर जवळ जे आहे ते वापरल्याचं लक्षण. (बोलण्यात खरंच काही कमी वाटत असेल तर तज्ज्ञाला दाखवा, पण भाषा कमी करणं हा त्यावर उपाय नव्हे.) केरळच्याच उत्तर टोकाला कासरगोड आहे, त्याला सप्तभाषांची संगमभूमी म्हणतात: मल्याळम, कन्नड, तुळू, कोकणी, ब्यारी, उर्दू आणि हो, मराठीही. तिथली पोरं दिवसभर या भाषेतून त्या भाषेत उड्या मारतात, कुणी त्यांना डॉक्टरकडे नेत नाही. मुलीला हंगेरियन बालवाडीत आपोआप येईल, बहुधा तुमच्या आधी. जी भाषा बाहेर कुठेच ऐकू येणार नाही तीच घरात सांभाळावी लागते. तुमच्याकडे अशा दोन आहेत. तुम्ही तिच्याशी मराठीच बोला. नवीन देशात पोरगी लवकर रुळावी म्हणून आईनं मोडकी हंगेरियन किंवा इंग्रजी बोलणं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय, आणि पुढे पोर आजोबांशी फोनवर 'हॅलो'पलीकडे जात नाही.

आता यजमानांकडे. मल्याळम राहू दे म्हणण्याचा हक्क त्यांना आहे, पण तो त्यांच्या स्वतःच्या तोंडच्या मल्याळमबद्दल नाही. मुलीशी ते कोणत्या भाषेत बोलतात? पत्रात याचा उल्लेख नाही, त्यावरून मला वाटतं इंग्रजीत किंवा हिंदीत. डोंबिवलीत वाढलेल्या मुलाची मल्याळम घरापुरतीच असते, त्यामुळे त्यांना संकोचही असेल. लिहिता येत नाही, त्रिशूरला गेल्यावर चुलतभाऊ हसतात, असं काहीतरी. हे भांडणाच्या सुरात काढू नका. इतकंच मागा: आंघोळ, जेवण आणि झोपवणं या तीन वेळा मुलीशी फक्त मल्याळम. तुम्ही तिथेच वावरत असाल, तुमच्या कानावर रोज पडेल, वेगळा धडा लागणार नाही. आणि तुमच्या हंगेरियनच्या वर्गाला आठवड्यातून एकदा तेही बसतील, हेही आत्ताच ठरवून घ्या. नाहीतर वर्षभरानं घरातलं प्रत्येक सरकारी पत्र तुमच्या हातात येईल.

सासूबाईंच्या वाक्याला उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. 'नाही अम्मा, मी शिकतेच आहे' हे कितीही वेळा म्हटलं तरी त्यांना ते समजूत काढल्यासारखंच वाटणार. त्यांना काम द्या. रोजच्या फोनवर एक पदार्थ त्यांनी त्यांच्या भाषेत सांगायचा आणि तुम्ही तो करून दाखवायचा. पुळिशेरी करताना ताक उकळू द्यायचं नाही, हे त्या तुम्हाला अशा सुरात सांगतील की शब्द कळला नाही तरी अर्थ कळेल, आणि दुसऱ्या वेळी शब्दही कळेल. चूक झाली की त्यांना हसू द्या. सुरुवातीला तुमच्याकडून 'ऊणु कऴिच्चो?' एवढं विचारलं जाऊ दे, म्हणजे जेवलात का. त्यातला 'ऴ' आपला 'ळ' नव्हे. जीभ मागे वळवायची पण टाळूला टेकवायची नाही. तो त्यांच्याकडूनच शिका, कुठल्याही धड्यापेक्षा बरा येईल. बुदापेश्तची शेजारीण भेटली की तिच्या बाबतीतही हेच. वयस्क बाईला तिकडे पोरं 'चोकोलोम' म्हणतात, तुमच्या मुलीला पहिल्याच दिवशी ते शिकवा.

फोनची वेळ मात्र जाण्याआधीच सासूबाईंशी ठरवून ठेवा. उन्हाळ्यात बुदापेश्त आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार, घड्याळ मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं. तुमची सकाळ साडेआठची म्हणजे उन्हाळ्यात त्यांची दुपारची बारा, ऐन स्वयंपाकाची वेळ. संध्याकाळी नवरा ऑफिसातून येईपर्यंत थांबलात तर तिकडे दहा वाजलेले असतील आणि त्या झोपलेल्या असतील. त्यामुळे फोन सकाळचाच ठेवा, आणि तो तुम्हीच करा.